चौथा चोर

घड्याळं आता कोणी आणत नाही.
गुरुवारच्या बाजारात पोतं अंथरून बसतो
तर लोक मोबाइलचं कव्हर मागतात.
म्हणून आयग्लास रिकामा होता.
वीस वर्षं माझ्या उजव्या डोळ्याच्या खोबणीत बसून
त्यानं केसाएवढ्या स्प्रिंगा पाहिल्या,
दोन इंचांपलीकडचं काही पाहिलंच नव्हतं.

पाइप मनोहर तायड्याच्या शेतातला,
स्प्रिंकलरचा, रोह्यांनी तुडवून चिरलेला.
चांगला तेवढा मीटरभर कापून दिला त्यानं, वरून चहा पाजला.
पुढची काच गिरजेच्या जुन्या चष्म्याची,
एक नंबरची, डावी.
उजवी आधीच फुटली होती, हे खरं.
डावी मी काढली, हेही.
पाइपाला आतून चुलीची काजळी डिंकात कालवून फासली.
काचेवर पुठ्ठा, मधोमध रुपयाएवढं भोक,
कारण काच पूर्ण उघडी ठेवली की कडेनं रंग सांडतात;
हे कळायला तीन रात्री गेल्या.
खर्च : डिंक दहा, पुठ्ठा फुकट,
सायकलची ट्यूब पंधरा म्हणाला, पाचच घेतले.

हे धरायचं कशावर?
अंगणातली बाज उलटी केली,
वर आलेल्या एका पायाला ट्यूबनं पाइप आवळला.
गिरजा दारात आली.
आभाळातल्या बाजेचे पाय चोरायला तीन चोर लागलेत,
हे तिला तिच्या आईनं सांगितलेलं.
"चौथा माह्याच घरात निंगाला," ती म्हणाली,
"चष्माबी नेला, बाजबी नेली. आता मी निजू कुठं?"
मी म्हणालो, पाय जागेवरच आहेत, फक्त उलटे आहेत.
त्यावर ती जे बोलली ते इथं लिहीत नाही.

पौषातली थंडी, गावातली लाइट गेलेली.
गुरू पाइपात येईना. आला की पळे.
पृथ्वी फिरते हे शाळेत पाठ केलं होतं,
बाजेपाशी गुडघे टेकले तेव्हा पटलं :
वीस पट मोठं पाहायचं
तर फिरणंही वीस पट सोसावं लागतं.
मग सापडला. ज्वारीच्या दाण्याएवढा,
आणि त्याच्या रेषेत, सुईनं टोचल्यासारखे,
चार.
दुसऱ्या रात्री तीन.

घरात न नेलेल्या घड्याळांचं खोकं आहे,
प्रत्येकाच्या पट्ट्याला दोऱ्यानं नावाची चिठ्ठी.
त्यातलं एक चावी देऊन मनगटावर बांधलं :
उकंडराव मेश्राम, एचएमटी, सोळा साली दिलेलं,
ऐंशी रुपये बाकी.
त्यावर वेळ पाहून वहीत टिंबं मांडत गेलो.
अकरा रात्री. दोन ढगांनी खाल्ल्या.
सगळ्यात आतला गडी पावणेदोन दिवसांत फेरी मारतो,
थोडा वर.
त्याला तेल नको, चावी नको,
पट्ट्याला कोणाचा घाम नाही.

शेताची लाइट रात्री बाराला येते.
हरभऱ्याला पाणी द्यायला निघालेला माणूस
मफलर गुंडाळून अंगणाशी थांबला.
"कायचं लावलं हे?"
आणि बॅटरी नेमकी माझ्या मनगटावर मारली.
उकंडराव.
घड्याळाकडे त्यांनी पाहिलं, मीही पाहिलं.
दोघंही काही बोललो नाही.
"पाहा," मी म्हटलं, "पण बॅटरी विझवा."

बराच वेळ ओणवे राहिले.
लांब कोणाची तरी मोटर सुरू झाली.
त्यांच्या श्वासानं आयग्लासवर वाफ धरली,
पुसली, पुन्हा वाकले.
"कोनाचं व्हय हे?"
कोणाचंच नाही.
"कधी बिघडलं नाही?"
अजून तरी नाही.
"चालू हाये," ते म्हणाले,
दुरुस्त घड्याळ कानाशी धरून
गिऱ्हाईक म्हणतं तसं, जरा संशयानं.

ऐंशी रुपयांची गोष्ट त्यांनी काढली नाही,
मी मनगटावरून घड्याळ काढलं नाही.
चपलेतला खडा झटकून ते धुऱ्यानं गेले.
आतून गिरजा : "झालं असन तर बाज सुलटी करा."

ट्यूब सोडताना उत्तरेकडे पाहिलं.
तिकडची बाज वर आली होती, चारही पायांनिशी.
चोर अजून निंबाच्या मागंच होते.