वळण

सतराव्या मजल्यावर, खिडकी नसलेल्या खोलीत
मी माफी मागते.
पगार पंचवीस तारखेला होतो.

त्याआधी सव्वीस वर्षं शाळेत होते, इंचनला.
मी फळ्यावर काढायचे, मुलं गिरवायची.
अक्षराला वळण लागलं की पोराला लागतं,
असं पालकांना सांगायचे,
आणि मला तसं वाटायचंही.

आता माझ्या हातात अकरा जणांची अक्षरं आहेत.
एका गायिकेचं, डावीकडे कललेलं.
एका म्हाताऱ्या खलनायकाचं, थरथर धरून.
आणि दो-ग्योमचं: मोठं, गोल, उतावीळ,
वर्गात असता तर दहादा लिहायला लावलं असतं.

हातानं लिहिलेली माफी सोलमध्ये खरी मानतात.
टाइप केलेली वकिलाची असते म्हणे.
हातानं लिहिलेलीही वकिलाचीच असते,
तो माझ्या खुर्चीमागे उभा असतो.

मांगवॉनच्या वळणावर त्याच्या गाडीनं
एक स्कूटर उडवली. पेटीतली गरम पेज
रस्ताभर सांडली. डिसेंबर होता,
सकाळपर्यंत ती गोठली,
कुणीतरी तिचाही फोटो काढला.
माणूस वाचला. पायाचं
शेअर बाजार उघडेपर्यंत कळलं नव्हतं.

रात्री बैठक. कुणाची माफी आधी?
चाहते. मग मालिकेतले सहकारी.
मग ती शीतपेयवाली कंपनी, पण नाव न घेता,
'माझ्यावर विश्वास टाकणारे सगळे' असं.
आई चौथ्या ओळीत बरी दिसेल, छे बाई म्हणाल्या.
सहाव्या ओळीत: 'त्या व्यक्तीस'.

व्यक्तीला नाव असेल ना, मी विचारलं.
वकील म्हणाला, नाव घेतलं की पैसे मोजावे लागतात.

पण हा हजेरी घेणारा हात.
बातमीच्या तळाशी बारीक टायपात सापडलं,
प्यो सांग-उक, वय एकेचाळीस,
आणि सहाव्या ओळीत मी ते लिहून बसले.

बाराला पाच कमी. तसला कागद शेवटचाच.
छे बाईंनी माझ्या कपात, सातूच्या गार चहात
करंगळी बुडवली
आणि नावावर टेकवली, हलकेच,
लेकराचं नाक पुसावं तशी.
मग फोटो. मग प्रसिद्ध.

सकाळी जग म्हणत होतं,
बघा, इथे तो रडलाय.
सहावी ओळ मोठी करकरून पाहिली लोकांनी.
बुसानच्या एका मुलीनं तो डाग
मनगटावर गोंदवून घेतला,
फुटलेल्या कडांसकट, हुबेहूब.
कुणाला हातावर घेऊन फिरतेय
तिला ठाऊक नाही.
मला ठाऊक आहे. मी तिला कळवलेलं नाही.

मार्चमध्ये इस्पितळात गेले, पेज घेऊन.
कोण ते सांगितलं नाही.
शाळेत होते म्हणाले, तेवढं खरं होतं.
भिंतीवरच्या टीव्हीत दो-ग्योम परतला होता,
पांढऱ्या कपड्यांत, नजर खाली.
प्यो बघत होता. म्हणाला,
पोरगं नाचतं मात्र झकास.

मग म्हणाला, बाई, शाळेतल्या ना तुम्ही,
हा भरपाईचा फॉर्म तेवढा भरता?
उजवा हात अजून वळत नाही.

उशाशी टेकून मी लिहायला घेतलं.
अर्जदाराचं नाव.
आलं ते मोठं, गोल, उतावीळ.
खोडलं. सावकाश लिहिलं, पहिलीतल्यासारखं,
ओठ मिटून, एकेक रेघ.
पुन्हा तेच.
माझं अक्षर कसं होतं
ते आठवेना.

त्यानं फॉर्म ओढून घेतला, डोळ्यांशी धरला.
मी त्याच्या प्लास्टरकडे बघत राहिले,
कुणीतरी त्यावर फूल काढलं होतं, निळ्या पेनानं.

चालेल की, तो म्हणाला.
वाचता येतंय.