योग्य पर्यायावर खूण करा

बँकेची मुलगी आलीय, मृण्मयी गायधनी, पळशाची.
आजोबा हिचे आमच्याच खात्यात, नाकावरून ओळखलं मी.
म्हणते, काका, दोनच मिनिटं.
ऑनलाइन बँकिंग तुम्ही कशामुळे स्वीकारलंत?
सोय. वेळेची बचत. सुरक्षितता. घरच्यांचा आग्रह.
योग्य पर्यायावर खूण करा.

बाळ, चौतीस वर्षं नोटा तपासल्या मी
नाशिकरोडच्या प्रेसमध्ये.
नुसता अंगठा फिरवला तरी कळायचं,
हा कागद पातळ निघालाय.
हिशेब जुळेपर्यंत फाटक उघडत नसे,
उघडलं तरी झडती, डबासुद्धा उपडा करायचा.
दिवसभर लाखो हाताळून संध्याकाळी बिटको चौकात
मेथीच्या जुडीवरून घासाघीस.
तेव्हा पैसा म्हणजे काय, हे मला कुणी शिकवू नये.
हाताला लागत नाही तो पैसाच नाही.

मुलानं फोन दिला, ॲप घालून दिलं. पडून राहिलं.
मॅनेजर गोड बोलला, पत्रक दिलं.
त्यावर हिनं लसूण सोलला.
शेजारच्या आहेरांचे अठरा हजार एका फोनवर गेले,
तेव्हा तर महिनाभर मी छाती काढून हिंडलो.

मग गेल्या पौषात हात कापायला लागला.
आधी चहा सांडायचा बशीत. मग सही.
काउंटरवरचा पोरगा काही वाईट नव्हता.
स्लिप परत सरकवली: काका, जुळत नाहीये, पुन्हा करा.
पुन्हा केली.
पुन्हा करा.
मागे रांग. कुणीतरी च्यक् केलं.
मग हळूच, माझ्या भल्यासाठीच म्हणाला,
जमत नसेल तर अंगठा द्या.

अंगठा माझी आई द्यायची, रेशनच्या दुकानात.
सदोष नोट बाजूला काढणारा मी
त्या दिवशी बाजूला निघालो.

रात्री पहिला एक रुपया पाठवला,
बाहेरच्या खोलीतून स्वयंपाकघरात.
आकडे दाबायला सहा मिनिटं लागली.
बोट हलत होतं, पण चार दाबला की चारच,
कापरा चार असा काही नसतो त्यात.
आत हिचा फोन वाजला. म्हणाली, आला हो.
मोजायला काहीच नव्हतं,
तरी सवयीनं अंगठा जिभेला लागला.

तर यातली कुठली चौकट माझी?
'इतर'? पुढे जागा केवढी, बोटभर.
तूच लिही.
नाही, थांब. पेन दे इकडे.
खूण जरा चौकटीबाहेर गेली
तर चालेल ना तुमच्या बँकेला?