खडे

धानोरीच्या गच्चीवर पहाटे साडेपाचला
सुहास वाकून चालतो,
या कठड्यापासून त्या कठड्यापर्यंत.
हाती लागेल ते खिशात:
खिळा, खडा, टाकीचा सुटलेला पोपडा.

जहाजावर रोज असेच चालायचे म्हणे,
पायलटसुद्धा, खांद्याला खांदा लावून.
एवढासा खडा इंजिनात गेला की संपलं.

सात महिने एडनच्या आखातात.
हँगरमध्ये दुमडलेल्या पात्यांखाली
कमांडो झोपायचे, दोराचं वेटोळं उशाला.
त्यातला बोरो, तळहात सोललेले,
चमच्याने वरणभात खाताना कुरकुरायचा,
मीठ कमी आहे.
चारी बाजूंना मीठच मीठ!
हे सांगताना सुहास हसतो.

बाकी बोलत नाही.
एका सकाळी रांगेत एक जागा मोकळी सोडून चाललो,
एवढंच एकदा, मी पोळ्या लाटत असताना.

लोहगावहून उठलेलं विमान डोक्यावरून जातं,
तो मान वर करत नाही.
खाली येऊन खिसा रिकामा करतो
माझ्या ताटाच्या कडेला.
तांदळातले माझे चार, त्याचे अकरा.

मग दारात बसतो.
रेवा शाळेला निघते
तेव्हा तिचा एकेक पाय उचलून
बुटांचे तळ बघतो.