लेखाशीर्ष

पाण्याचा हिशोब माझ्या टेबलावर,
गटाराचा समोरच्या, खांडेभराडांच्या.
मधे एक कूलर, गेल्या उन्हाळ्यापासून बिघडलेला,
त्याच्यावर दोघांच्याही फायली.

चौदा वर्षं पाणीपट्टीच्या पावत्या फाडल्या,
कादराबादेपासून जुन्या जालन्यापर्यंत.
कोण भरतं, कोण उद्या म्हणतं,
कोण म्हणतं आधी पाणी दाखवा.
घरं मला आकड्यांवरून ओळखू येतात.
पाणी मात्र मी जमिनीखाली कधी पाहिलं नव्हतं.

मुंजाजी खंदारे, व्हॉल्व्हमन.
सळईचं एक टोक पाइपावर, दुसरं कानाशी,
डोळे मिटून तो रस्ता ऐकतो
सुईण पोट चाचपते तसा.
म्हणाला, "मॅडम, पावत्या लई झाल्या.
एकदा खड्ड्यात तर डोकवा."

डोकावले.
काळा नाला, आणि त्याच्या पोटातून आरपार
आमची सहा इंची लाइन,
सांध्याला सायकलची ट्यूब गुंडाळलेली.
"पाणी सोडलं की हितून भाईर गळतं.
बंद केलं की काय व्हतं, ते इचारा."
विचारलं.
"खालच्या गल्लीत पाणी उतरतं, वरची लाइन रिकामी पडती.
रिकामा पाइप तहानतो, मॅडम.
शेजारी जे हाय ते ओढून घेतो."

त्या रात्री मी पाणी उकळलं, दोनदा.
भिंतीपलीकडे जाहेदाबीच्या धाकट्याला
आठवड्यापासून सलाइन.
तिचा ग्राहक क्रमांक मला पाठ आहे.
थकबाकी: शून्य.

एप्रिलात अवकाळी, वीस मिनिटांची.
भंगारगल्लीचं ऑइल, बॅटऱ्यांची काळी माती,
मटण मार्केटचं धुणं, कुणाच्या लग्नाच्या पत्रावळी,
सगळं शहर उतारानं नाल्यात,
नाल्यातून कुंडलिकेत.
या पाण्याला मीटर नाही.
याची पावती कुणाच्या नावे फाडायची?

टिपणी सादर:
नाल्याच्या तोंडाशी जाळी व गाळ-चेंबर, नग चार.
पाइपलाइन नाल्याबाहेर घेणे, बावीस मीटर.
खर्च, योजनेच्या ठेवीवर पडून असलेल्या व्याजातून.

फाइल गेली. पोळा झाला, दसरा झाला.
फाइल आली. हिरव्या शाईत:
सदर खर्च कोणत्या लेखाशीर्षाखाली?
पाणी असल्यास गटार का? गटार असल्यास पाणी का?
चर्चा करावी.

चर्चा केली.
खांडेभराड म्हणाले, "तुमच्या पैशानं माझं गटार?
ऑडिटला काय तोंड दाखवू?"
म्हटलं, "सांगा त्यांना,
कागदावर शीर्षं दोन आहेत, खाली खड्डा एकच."
ते बराच वेळ पंख्याकडे बघत बसले.
दुसऱ्या दिवशी कूलर दुरुस्त झाला.
एवढंच झालं.

एकतीस मार्चला रात्री साडेअकरापर्यंत बिलं काढली.
कारंज्याचं निघालं. स्वागत कमानीचं निघालं, रंगासकट.
उरलेला निधी परत गेला,
बस चुकलेल्या पाहुण्यासारखा, मान खाली घालून.

मग मुंजाजीनंच शाळेच्या भंगारातली
खिडकीची जाळी आणली.
वेल्डिंगचे पैसे मी दिले. कोणतंही शीर्ष न लावता.
एका नाल्याच्या तोंडाला ती बसली, उरले तीन.

जूनमध्ये तिथं अडकलं:
गुटख्याच्या पुड्या, डाव्या पायाच्याच तीन चपला,
बाहुलीचं धड, कुणाच्या तरी देवाचा फोटो,
आणि एक पाणीपट्टीची पावती,
अक्षर पुसलेलं, खाली सही माझी.
मुंजाजीनं ती चावीच्या दांड्यावर वाळत घातली.
"ठिवा," म्हणाला, "फाइलीला जोडाय होईल."

जोडली. पान एकशे बारा.
लाइन अजून नाल्यातच आहे.
जाहेदाबीचा मुलगा आता शाळेत जातो,
बाटलीत उकळलेलं घेऊन.
कधी साडेपाचला कार्यालय रिकामं झालं की
मी सळई मागून घेते, रस्त्यावर टेकवते,
कान लावते.
मुंजाजी विचारतो, काय ऐकू येतं?

अजून मला नीट कळत नाही.