चामड्याचा वॉशर

ओर्फेलीनाआत्याला एकच गोष्ट यायची:
रॉकेलचा स्टोव्ह.
कुणी मिक्सर घेऊन आलं की हात पुसत म्हणायची,
"चर्चच्या मागं बारिया बसतो, त्याच्याकडं जा,"
आणि पुन्हा बर्नरवर वाकायची.

आचाओच्या धक्क्याला लागून तिचं दुकान.
भिंतींना माशासारखे लाकडी खवले,
आत रॉकेलचा वास,
होड्यांवरून उतरवलेले, मिठानं खाल्लेले स्टोव्ह.

वेबसाइट मी काढून दिली.
माझ्या डोक्यात शंभर पानं होती:
कंदील, हीटर, बंब, जे जे पेटतं ते सगळं.
तिनं पावतीच्या मागं लिहून दिलं:
"पंप मारतो, पण हवा धरत नाही. का?"
खाली वॉशरचं पेन्सिलनं काढलेलं चित्र,
कड कुठल्या बाजूला वळते
ते दाखवणारा एक बाण.
झालं.

पहिल्या वर्षी अकरा जण आले.
त्यातले चार आम्हीच.

दुसऱ्या हिवाळ्यात तिनं निपलवर लिहिलं.
तिसरा अख्खा हिवाळा नुसती काजळी.
मी म्हणायचो, आत्या, कोण वाचतंय हे?
"ज्याचा चहा अडलाय, तो."

पाचव्या वर्षी ती चुकली.
वॉशर माशाच्या तेलात भिजवा, असं लिहून बसली होती.
पुंता आरेनासच्याही पलीकडून
एलादिओ नावाच्या मेंढपाळानं कळवलं:
थंडीत तेल थिजलं, वॉशर तडकला,
रात्रभर कुत्र्याला पोटाशी घेऊन पडलो.

मी ती ओळ पुसायला घेतली.
तिनं मनगट धरलं.
"पुसू नको. काट मार.
खाली तारीख घाल, आणि लिही,
मी चुकले. एलादिओचं बरोबर आहे."

ती लाल काट अजून तिथंच आहे.

मग सान्तियागोच्या एका कंपनीनं
नवा कोरा स्टोव्ह पाठवला, सोबत गोड पत्र:
सेन्योरा मान्सिया, आपले दोन शब्द मिळाले तर.
आत्यानं तो चाळीस रात्री पेटवला.
त्यावर बटाटे उकडले, शिंपले शिजवले,
खिडकी उघडून वाऱ्यात ठेवून पाहिला.
मग लिहिलं:
"ज्योत छान. एकतिसाव्या रात्रीपासून चावी गळते."
दोनच शब्द मागितले होते, जास्त झाले.
पुन्हा पत्र आलं नाही.

नेमकं केव्हा ते मला सांगता यायचं नाही,
पण लोक एकमेकांना सांगू लागले,
सांगीवांगी नको, ओर्फेलीना काय म्हणते बघ.
नॉर्वेतल्या झोपडीतून, मोम्बासाच्या एका खानावळीतून,
डोंगरावर तंबूत अडकलेल्या पोरांकडून प्रश्न यायचे.
त्यातलं एकही ठिकाण
तिला नकाशावर दाखवता आलं नसतं.
एकदा मध्यरात्री कुणीतरी विचारलं,
ज्योत पिवळी आहे, बाळ झोपलंय, काय करू?
तिनं उत्तर मला उभ्या उभ्याच टाइप करायला लावलं:
"आधी विझवा. दार उघडा. बाळाला बाहेर न्या.
बाकीचं मग वाचा."

आता तिला दिसत नाही.
प्रश्न मी उघडतो, मोठ्यानं वाचतो,
बरीच उत्तरं मीच देतो.

परवा एक फोटो आला.
कुणाच्या आजोबांचा स्टोव्ह, बर्नर असा
की मी जन्मात पाहिला नव्हता.
अंदाज होता. चार ओळी सहज लिहिल्या असत्या,
आणि लोकांनी डोळे मिटून मानल्या असत्या.
बोटं तिथंच अडखळली.

"माहीत नाही," असं लिहिलं.
"पाठवून द्या. टपालखर्च आमचा."

आज तो टेबलावर आहे.
आत्या अंगठ्यानं त्याचे आटे मोजते आहे,
उलटीकडून,
पुन्हा एकदा.

पान अजून कोरंच ठेवलंय.