भारहर, शेवटचा भाग

शटर अर्धं ओढलेलं. आत
निजाम शिकलगारच्या काटे-दुरुस्तीच्या दुकानात
बारा तराजू, एकही सरळ नाही,
आणि पाच किलोच्या मापाला मोबाईल टेकवून
आम्ही तिघं चाळिशीतली माणसं
भारहरचा शेवटचा भाग संपवून बसलोय.
मार्केट यार्डातून हळदीचा वास येतोय,
सांगलीत त्याची दखल कुणी घेत नाही.

पहिला शीतल मगदूम फुटला.
"वाट लावली लेका. पार वाट.
डावखुरा होता, उजवा केला. सोडून दिलं.
पिवळा पट्टा काढला, लोक हसतील म्हणून काढला असेल.
पण शेवट? शेवट बदलायचा यांना अधिकार काय?"

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी:
भारहर हात लावेल त्याचं वजन जातं
आणि त्याच्या हाडांत उतरतं.
ट्रक उचलला की आठवडाभर त्याला जिना चढवत नाही.
दोन रुपयांना अंक, खरबरीत कागद,
लाल रंग कायम रेषेबाहेर सांडलेला.
निजामचे वडील हमाल. त्यांना आम्ही चित्रं दाखवली,
तर म्हणाले, "असला एक गडी आमच्या टोळीत द्या की."

सिरीयलमध्ये तो धरणाची भिंत पेलतो
आणि हलका होत होत आभाळात विरतो. मागं व्हायोलिन.

"आणि अंकात?"
शीतलची पोरगी ऋजुता दारात वाकून विचारते.
बापाला न्यायला स्कूटी घेऊन आलीय.
तिला सिरीयल भारी वाटली. वर्गातल्या सगळ्या रडल्या म्हणे.

शीतल दुखरा पाय लांब करून सांगायला लागतो.
"अंकात तो जमिनीत रुततो. गुडघ्यापर्यंत, मग छातीपर्यंत.
क्रेन येते, तुटते. मग एक म्हातारी येते,
म्हणते, सगळं नको बाबा, मला झेपंल एवढं दे,
आणि चिमूटभर वजन पदराला बांधून नेते.
मग दुसरी. मग शाळेतली पोरं, दप्तरात घालून.
रांग लागते, पार पुलापलीकडं.
तिसऱ्या दिवशी गडी उभा."

निजाम एका काट्याचा स्क्रू पिळतोय.
तो मघाशीच पिळून झालाय.

मला तो अंक आठवतो. तेविसावा.
मिरजेचं हॉस्पिटल, हाडांचा वॉर्ड,
शीतल बारा वर्षांचा, पायाला दोरी,
दोरीला वाळूची पिशवी.
रात्री ती काढा म्हणून ओरडायचा.
निजाम स्टुलावर बसून वाचत होता,
मी त्याच्या मागं उभी होते, म्हणून दिसलं:
भिंतीला हात लागला, आणि पुढं
फक्त मागचं कव्हर होतं.
त्यावर कंपासपेटीची जाहिरात.
तिच्यावरून बोट फिरवत, न अडखळता,
तो म्हातारी वाचत होता,
पदर वाचत होता, रांग वाचत होता.

तीस वर्षं मी हे बोलले नाही.
बोलण्यासारखं काही आहे असंही वाटलं नाही.

"चॅनेलला पत्र लिहिणार," शीतल म्हणतो.
"निजाम, अंक काढ. पुरावा पाहिजे."
"पुरात गेला. दोन हजार पाचच्या."
हे वाक्य आमच्याकडं खरंही असतं
आणि सोयीचंही.

"पण पप्पा, हे तर जास्त भारी आहे," ऋजुता म्हणते.
"कुणी लिहिलेलं?"

शीतल भडंगाच्या कागदात शेंगदाणे शोधतो.
एक सापडतो. तो खातो.
"नाव कुठलं असायला," म्हणतो,
"शेवटची पानंच नव्हती."

स्क्रू-ड्रायव्हर थांबतो.
शीतल कुणाकडंच बघत नाही, नुसता हात पुढं करतो.
"उठव की रे. बसून पाय धरलाय."
निजाम उठवतो.

बाहेर ऋजुता स्कूटी वळवून घेते.
शटर खाली ओढता ओढता निजाम,
संध्याकाळपासून पहिल्यांदाच, मत देतो:
"पट्टा मात्र काढायला नको होता.
पिवळाच पाहिजे होता."