भातुकलीतला सर्व्हर

तोर्सहाव्नच्या बंदरावर डिसेंबरात
दुपारी तीनलाच दिवे लागतात
आणि फेरी-कचेरीच्या माडीवर सुन्नवा
एका फंक्शनपुढे हात टेकून बसलेली असते.
भाडं काढणारं फंक्शन. चाळीसेक ओळी.
सर्व्हरवर ठेवलं की खडखडीत बरं,
बाहेर काढलं की घशाला कोरड:
विनंती कुठाय? सेशन कुठाय?
कुठल्या यंत्रावर आहे मी?
आणि लाल.

"याला एकट्याला बोलताच येत नाही," ती मला म्हणाली,
"दर वाक्याला तळघराकडे बघतं."

तळघरात तो खरा सर्व्हर. तुम्मासनं बसवलेला,
पंखा म्हाताऱ्या कुत्र्यासारखा घरघरणारा.
जानेवारीत तो काढायचा आहे.

मग तिनं भातुकली मांडली.
बोळक्याएवढी विनंती, खोटी कुकी,
सव्वानऊवर कायमचं खिळवलेलं घड्याळ,
एक लुटुपुटूचा प्रवासी,
त्याच्यासोबत दोन मेंढ्या आणि ट्रेलर.
फंक्शनला बजावलं:
आता उठसूट फडताळात हात घालायचा नाही.
लागेल ते उंबऱ्यावर थांबून मागायचं,
मी हातात देईन.

तीन दिवस ती हेच शिकवत होती त्याला.
शिकलं.
मेंढ्यांचं भाडं सुद्धा बरोबर आलं.

अडतीस चाचण्या हिरव्या.
एकोणचाळिसावी जुन्या तिकिटांशी ताडून बघायची होती, ती अडली.
नोल्सोयला जाणारी एक बाई,
वर्षानुवर्षं, वेळी-अवेळी,
दर तिकिटावर शून्य.
भातुकलीत मात्र तिला साठ क्रोना पडत होते.
कोड तोच. अक्षर इकडचं तिकडे नाही.

सुन्नवा तळघरात गेली,
खऱ्या सर्व्हरचं सगळं वातावरण कागदावर छापून आणलं:
पत्ते, वाटा, चाव्या,
आणि त्यांच्या गर्दीत अंग चोरून
बिरिता = १.
कुठल्या फाइलीत नाही, वहीत नाही,
फक्त त्या एका यंत्राच्या हवेत.

तुम्मास निवृत्त. शेडमध्ये होडी रंगवत होता.
"सुईण," तो फोनवर म्हणाला.
मग बराच वेळ नुसता ब्रशचा आवाज.
"रात्री-अपरात्री जायची पलीकडे.
मॅनेजर म्हणाला, नियमात बसत नाही.
मग मी नियमाबाहेर बसवलं."

"लिहून का नाही ठेवलंस?"

"लिहिलं असतं तर कुणीतरी वाचलं असतं."

सगळी सोंगं आणता येतात म्हणे.
हे कसं आणणार होतो,
माहीतच नसतं तर?

त्या संध्याकाळी तिनं बोळक्यांमध्ये एक बोळकं वाढवलं
आणि चाचणीला नाव दिलं, पूर्ण वाक्यात,
कुणीही वाचावं असं:
सुईणबाईंना भाडं नाही.

"पण ती आता टेकडीवरच्या वृद्धाश्रमात असते," मी म्हणालो,
"कुठे जात नाही."

सुन्नवानं स्क्रीनवरून नजर काढली नाही.
"चाचणीत जाते," म्हणाली,
"दर वेळी कुणी काही बदललं की."

जानेवारीत तळघरातला पंखा बंद झाला.
कॉफी अर्धी झाल्यावर आमच्या लक्षात आलं.
बाहेर धुकं होतं, नोल्सोय दिसत नव्हतं,
फेरी मात्र सुटली,
आणि तुम्मासनं फोन करून एवढंच विचारलं
की ती हिरवी आहे ना.